पाठिंब्याचा ठराव

डहाणूहून जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर करत नाशिकला जाणारी रेल्वे व्हावी, ही पालघर जिल्ह्यातली फार जुनी मागणी. निवडणूक आली की ती वर येते, अर्थसंकल्पाच्या दिवशी तिच्यासाठी कान टवकारले जातात, सर्वेक्षणाची बातमी आली की चार दिवस नाक्यानाक्यावर तोच विषय. अशा मार्गाला ग्रामपंचायतींनी, नगरपरिषदांनी, जिल्हा परिषदेनं पाठिंब्याचे ठराव द्यावेत का, हा वरकरणी प्रश्नच नाही. रेल्वे कोणाला नको असते? पण याच जिल्ह्यात दुसऱ्या एका रेल्वेला गावोगावच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव दिले होते आणि त्या कागदांचं पुढं काय झालं हेही लोकांनी पाहिलं. म्हणून इथं पाठिंब्याचा कागदसुद्धा कोणी डोळे मिटून लिहीत नाही.

पुढचा संवाद कल्पित आहे. मामा नवापूरचे. घरी एके काळी होडी होती. त्यांनी स्वतः मात्र तारापूर एमआयडीसीत फिटर म्हणून आयुष्य काढलं. मुलगी नाशिकला दिलेली. भाची लग्न होऊन बोईसरच्या पूर्वेला गेली, तिथं ती ग्रामपंचायत सदस्य आहे. माणसं मी रचली. गावं, गाड्या, कायदे आणि आकडे रचलेले नाहीत.

मामा : एका ओळीचं काम आहे गं. ‘डहाणू–नाशिक रेल्वेमार्गास या ग्रामपंचायतीचा पाठिंबा आहे.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. जिल्ह्यातल्या पन्नास-शंभर पंचायतींनी असा कागद दिला की खासदाराला दिल्लीत बोलायला बळ येतं.

भाची : मार्ग कुठून जाणार, ते माहितीये का तुम्हाला?

मामा : ते सर्वेक्षणवाले ठरवतील.

भाची : म्हणजे कुठून जाणार ते माहीत नाही, पण पाठिंबा आहे.

मामा : आधी मागावं लागतं. न मागता इथं काय मिळालंय? डहाणूपर्यंत लोकल १६ एप्रिल २०१३ ला आली. त्याआधी विरारला उतरायचं, शटलची वाट बघायची, ती चुकली की फलाटावर बसून राहायचं. प्रवासी संघटनांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली तेव्हा कुठं ती गाडी वैतरणा ओलांडून आली.

भाची : त्या संघटना रोज दारात लटकणाऱ्यांच्या होत्या, मामा. कितीची गाडी, किती डबे, कुठं थांबा, कुठला फलाट आखूड पडतो, सगळं त्यांना तोंडपाठ. मागणी तेवढी नेमकी असेल तर मी आत्ता सही करते. पण तुमचा ठराव म्हणजे नुसता जयजयकार आहे.

मामा : जयजयकारानंही कामं होतात. बीड बघ. अहिल्यानगर–बीड–परळी, २६१ किलोमीटर, १९९५ सालची मंजुरी. किती मोर्चे, किती उपोषणं. शेवटी राज्यानं निम्मा खर्च अंगावर घेतला आणि १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला गाडी लागली.

भाची : तीस वर्षांनी. आणि लागली ती राज्यानं निम्मे पैसे घातले म्हणून. तुमच्या ठरावात पैसे कुठं आहेत?

मामा : पंचायतीकडं कुठले आलेत पैसे? दिवाबत्तीचं बिल भरताना नाकी नऊ येतात.

भाची : तेच म्हणते मी. ज्याच्याकडं पैसे नाहीत, अधिकार नाही, नकाशा नाही, त्यानं पाठिंबा दिला काय, नाही दिला काय. आणि विरोध नसला म्हणून तरी कुठं काम पळतं? विरार–डहाणू तिसरा-चौथा मार्ग घ्या. कोण नको म्हणतंय त्याला? ६४ किलोमीटर. डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला, ३,५७८ कोटींचा. तुमच्या नाशिकच्या जावयाला तेव्हा नोकरी लागली होती, आता त्याचा मुलगा शाळेत जातो. काम अजून चालूच.

मामा : म्हणून तर म्हणतो, रेटा लावा.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर बाहेरच्या वाचकाला हे भांडण समजायचं नाही. पालघर जिल्ह्याला रेल्वे नवी नाही. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी सुरतेकडून ग्रँट रोडला आली ती नोव्हेंबर १८६४ मध्ये. म्हणजे वैतरणा, पालघर, बोईसर, डहाणू हा पट्टा दीडशेहून जास्त वर्षं रुळांच्या कडेला राहतो आहे. पण विरारच्या पुढं वाट दुपदरीच. राजधानी, मालगाड्या, गुजरातच्या एक्सप्रेस आणि डहाणू लोकल या सगळ्या त्याच दोन रुळजोड्यांवरून जायच्या. मेलला वाट द्यायला लोकल बाजूला उभी राहते, आतल्या माणसाच्या कामावर खाडा पडतो.

आता याच पट्ट्यातून आणखी मार्ग जाताहेत. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, उत्तर प्रदेशातल्या दादरीपासून जेएनपीएपर्यंत १,५०६ किलोमीटरचा. त्यात प्रवाशाला चढायची सोयच नाही. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन, ५०८ किलोमीटर, बारा स्थानकं, त्यातलं एक बोईसर. तिची जलद गाडी २ तास ७ मिनिटांत अहमदाबाद गाठणार ती मोजक्या स्थानकांवर थांबून. सगळीकडं थांबणारी २ तास ५८ मिनिटं घेणार, आणि बोईसरकरांच्या वाट्याला बहुतेक ती दुसरी. वाढवणच्या ७६,२०० कोटींच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झाली, त्यालाही स्वतःचा रेल्वेजोड लागणार. शिवाय मुंबई–वडोदरा द्रुतगती महामार्ग. जमीन एकाच जिल्ह्याची, आणि पूर्वेकडच्या काही गावांना तर एकामागून एक दोन-तीन नोटिसा आलेल्या. मामा पश्चिमेला समुद्राकाठी राहतात. नोटीस भाचीच्या बाजूला येते. दोघांच्या बोलण्यातला अर्धा फरक या पत्त्यातला आहे, असं मला वाटतं.

मामा : तुम्ही पूर्वेकडच्यांनी बुलेटच्या वेळी नाही म्हणून पाहिलं. काय मिळालं? खांब उभे राहिलेच ना?

भाची : राहिले. मला ते सांगायचंच होतं. १९९६ चा पेसा कायदा म्हणतो, अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करा. २०१३ चा भूसंपादन कायदा त्याच्यापुढं जातो, तो पूर्वसंमती मागतो. १४ सप्टेंबर २०१७ ला अहमदाबादेत बुलेटची पायाभरणी झाली. नोव्हेंबरात राज्यपालांची अधिसूचना आली की महत्त्वाच्या शासकीय प्रकल्पासाठी आदिवासीची जमीन आपसात ठरवून विकत घेतली तर ग्रामसभेची मंजुरी लागणार नाही. डहाणू, तलासरी, पालघरच्या गावांनी विरोधाचे ठराव केले ते फाइलला लागले. जमीन एकेका खातेदाराला गाठून घेतली.

मामा : आणि खातेदारांनी दिली. जबरदस्तीनं नाही, पैसे घेऊन दिली. थेट खरेदीला कबूल झाला त्याला पंचवीस टक्के वर मिळाले. चिकूच्या झाडाचे वेगळे, घराचे वेगळे. काही जणांनी बोईसरात फ्लॅट घेतले, मला माहितीयेत.

भाची : मलाही माहितीयेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते पंचवीस टक्के कशामुळे आले, सांगा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी पेढे वाटून पाठिंबा दिला असता तर कंपनी दर वाढवत बसली असती का? नाही म्हणणाऱ्यांनी हो म्हणणाऱ्यांचा भाव वाढवला.

मामा : (हसून) म्हणजे विरोध ही घासाघीस होती म्हणायची.

भाची : काहींची होती. काहींचा जीव जमिनीत होता. ग्रामसभेत दोन्ही एकाच सतरंजीवर बसतात, त्यांना वेगळं काढायचं यंत्र माझ्याकडं नाही.

मामा : बरं, ग्रामसभेला कोणी विचारलं नाही असं धरू. पण महापालिकेला विचारलं ना? ठाण्याला विचारलं.

भाची : ते उदाहरण तुम्ही काढू नका, तुमच्यावरच उलटेल.

उलटेल खरं. बुलेटला लागणारी शीळ भागातली ३,८४९ चौरस मीटर जागा, मोबदला ६ कोटी ९२ लाख. ठाणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत हा प्रस्ताव अनेकदा आला आणि लांबणीवर पडला. २०२० च्या शेवटी तो दप्तरी दाखल झाला, म्हणजे नाकारला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तोच मंजूर झाला. सत्ता दोन्ही वेळा शिवसेनेचीच. मधल्या सव्वा वर्षात शीळच्या त्या जमिनीत काय बदललं? काहीही नाही. बदललं ते मुंबई आणि दिल्ली यांच्यातलं हवामान. एवढ्या मोठ्या महापालिकेचा नकार आणि होकार दोन्ही वरच्या राजकारणाच्या तालावर ठरत असतील, तर नऊ-अकरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीच्या पाठिंब्याला कोण किती किंमत देणार, हा भाचीचा मुद्दा मला पटतो. पण मामांचा राग मला त्याहून जवळचा वाटतो. कारण त्यांच्याकडं एक गाव आहे, ते भाचीच्या हिशेबात अजून आलेलं नव्हतं.

मामा : तू तुझ्या गावचं बोलतेस. जव्हार-मोखाड्याचं कोण बोलणार? जव्हार संस्थान होतं, तिथली नगरपरिषद १९१८ सालची, आणि आजपर्यंत तिथं रूळ पोचला नाही. दिवाळी झाली की तिथली माणसं बिऱ्हाड बांधून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर. टेम्पोत पोरं, कोंबड्या, भांडी एकत्र. आजारी माणूस नाशिकला न्यायचा नाहीतर सिल्व्हासाला. आणि आपण इथून लेकीकडं नाशिकला जायचं तर? वसईला उतरा, दिव्यावरून कल्याण गाठा, मग कसारा घाट चढा. नकाशात बघ, नाशिक आपल्या सरळ पूर्वेला आहे, आणि आपण मुंबईला वळसा घालून जातो. नाहीतर एसटीत बसून घाटात पोटातलं बाहेर.

भाची : हे सगळं खरं आहे.

मामा : मग?

भाची : मग असं की तलासरी-डहाणूला दीडशे वर्षं रेल्वे आहे. तिथली माणसं स्थलांतर करत नाहीत का? गाडीत बसून करतात, एवढाच फरक. मोखाड्याच्या बाळंतिणीला रात्री दोनला गाडी लागत नाही, तिला रुग्णवाहिका लागते आणि खोडाळ्याला डॉक्टर लागतो. रेल्वेच्या नावावर सगळी दुःखं लिहिली की ती आल्यावर पुन्हा कुणाच्या नावावर लिहायची?

मामा : तुझं ऐकलं असतं तर १८६४ लाही गाडी आली नसती.

भाची : आली असती, मामा. तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं.

इथं दोघंही थोडं थांबले असं मी लिहिणार होतो. पण पालघरकडची माणसं रेल्वेवर बोलताना थांबत नाहीत. विषय लगेच घाटाकडं गेला आणि तिथं भाचीनं एक आडवाट घेतली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते.

भाची : समजा मार्ग झाला. समुद्रसपाटीपासून निघून त्र्यंबकच्या पठारावर चढायचं. जुन्या लोकांनी कसाऱ्याचा घाट सदतिसाला एक चढानं केला, मागून बँकर इंजिनं लावून ढकलतात. आज नवा मार्ग इतका उभा कोणी करणार नाही. म्हणजे बोगदे, लांबच लांब. बोगद्यातून निघालेला मुरूम-डबर कुठं टाकणार? बोगद्यानं डोंगरातले झरे तुटले तर? मोखाड्यात धो-धो पाऊस पडतो, उन्हाळ्यात टँकर लागतो. तिथलंच मध्य वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. तिथल्या बाईला झऱ्याबद्दल विचारल्याशिवाय जव्हारनं आणि मोखाड्यानं पाठिंबा कसा द्यायचा?

मामा : झऱ्यासाठी रेल्वे अडते का कुठं?

भाची : जपानात अडली. ज्यांच्याकडून आपण बुलेट घेतली त्यांच्याकडं. टोकियो–नागोया चुंबकीय गाडीचा बोगदा शिझुओका प्रांताच्या डोंगरातून जातो. तिथल्या गव्हर्नरनं, कावाकात्सु नाव त्याचं, सांगितलं की बोगद्यानं ओई नदीचं पाणी फुटून जाईल. त्याची व्यवस्था लेखी द्या, मग कामाला संमती. वर्षं गेली. २०२७ ची तारीख होती, ती गाठता येणार नाही असं कंपनीनं मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं.

मामा : आणि गव्हर्नर?

भाची : त्यानं २०२४ लाच राजीनामा दिला, दुसऱ्याच भानगडीत. पण पाण्याचा प्रश्न त्याच्याबरोबर गेला नाही, पुढच्याला त्यावर बोलावंच लागलं. दुसरं ऐका. सागा प्रांत. नागासाकीची नवी शिंकानसेन सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, ६६ किलोमीटरचा तुकडा. पुढं मुख्य जाळ्याला जोडायची तर सागातून जाते, आणि सागा म्हणतो, आमच्या जुन्या लोकल मार्गाचं काय होणार ते आधी बोला. लोक अजून मध्येच गाडी बदलतात. तिसरं, शिगा प्रांतातलं रित्तो. शिंकानसेनचं नवं स्टेशन बांधायला घेतलं होतं. २००६ च्या निवडणुकीत कादा नावाच्या बाई ‘हा खर्च थांबवा’ म्हणून उभ्या राहिल्या आणि गव्हर्नर झाल्या. स्टेशन रद्द झालं.

मामा : आता तू माझ्या तावडीत सापडलीस. तिथं त्या प्रांताला का विचारतात, सांग ना.

भाची : नवी शिंकानसेन बांधताना ठरावीक उत्पन्न वजा जाता खर्चाचे दोन हिस्से केंद्र देतं, एक हिस्सा स्थानिक सरकारं.

मामा : बास! पैसे भरतात म्हणून विचारतात. आपल्याकडं बुलेटचा खर्च एक लाख आठ हजार कोटी धरला, त्यातले ८१ टक्के जपानचं कर्ज, पन्नास वर्षांच्या मुदतीचं. केंद्राचं भांडवल दहा हजार कोटी, राज्याचं पाच हजार. तुझ्या पंचायतीचा एक रुपया नाही. जो पंगतीला काहीच आणत नाही, त्यानं मीठ कमी आहे म्हणायचं नसतं.

भाची : आम्ही जमीन आणतो.

मामा : जमिनीचे पैसे मिळतात.

भाची : मालकाला. गावाला काय मिळतं? शेताकडं जाणारी वाट तुटते, ती कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. ओहोळ भरावाखाली जातो, त्याचा मालक कोण? गुरचरण जातं. फाटक बंद होऊन भुयारी मार्ग होतो, पावसाळ्यात त्यात कमरेएवढं पाणी, आणि पंप कोणी लावायचा यावरून रेल्वे पंचायतीकडं बोट दाखवते, पंचायत रेल्वेकडं. बरं, रूळ आले म्हणून घरपट्टीसारखं काही मिळावं, तर संविधानाच्या २८५ व्या कलमानं केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही, संसदेनं मोकळीक दिली तरच. स्टेशनाबाहेरचा कचरा मात्र आमच्या घंटागाडीत.

मामा : …

भाची : अकराव्या अनुसूचीत पंचायतीचे २९ विषय आहेत. रस्ते, मोऱ्या, पूल, फेरी, जलमार्ग आहेत. रेल्वे नाही, ती केंद्राची. ठीक आहे, मान्य. मग आमच्या ठरावात तेच येऊ दे जे आमचं आहे. रस्ता, मोरी, ओढा, गुरचरण, स्टेशनाची वाट. रेल्वे हवी की नको यावर आमचं मत दिल्लीला फुकट मिळालंय आजवर, म्हणून त्याला फुकटाचीच किंमत. पण मोरी किती रुंद पाहिजे, हे आमच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

मामांनी यावर जे सांगितलं ते मी थोडक्यात देतो, कारण ते एकदम सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यांत आलं. तारापूरची औद्योगिक वसाहत झाली तेव्हा सगळ्यांना नोकऱ्या दिसत होत्या आणि नोकऱ्या मिळाल्याही, त्यांना स्वतःला मिळाली. सांडपाण्याची वाहिनी नवापूरच्या समुद्रात जाणार, हे त्या वेळी कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. पुढं खाडीतलं म्हावरं कमी होत गेलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापुढं गेली, २०२२ मध्ये लवादानं प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर मोठी नुकसानभरपाई बसवली. मामांचं म्हणणं एवढंच की तेव्हा कोणी पाइपाचं तोंड कुठं निघणार हे विचारलं असतं, तर वसाहत अडली नसती, पाइप कदाचित आणखी आत खोल समुद्रात गेला असता. ज्या पगारावर घर उभं राहिलं त्याला नावं ठेवायला ते तयार नाहीत. मला हा तोल आवडतो. एमआयडीसीला शिव्या देणारे आणि तिची आरती करणारे असे दोनच प्रकार बोईसरात भेटतात अशी बाहेर समजूत आहे. खरी माणसं बहुतेक मामांसारखी, पगाराची पावती आणि मेलेला मासा दोन्ही दाखवणारी.

मामा : बरं. अटी घालून ठराव करायचा म्हणतेस. काय काय घालशील?

भाची : पहिलं म्हणजे नकाशा. गट क्रमांकांसकट, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर. ग्रामसभेच्या आधी, नंतर नाही.

मामा : चालेल.

भाची : दर तुटलेल्या वाटेला पर्याय, आणि भुयारी मार्ग केला तर पाणी उपसायची जबाबदारी रेल्वेची, लेखी.

मामा : चालेल. पुढं?

भाची : बोगद्याच्या आधी झऱ्यांची आणि विहिरींची नोंद, गावकऱ्यांना बरोबर घेऊन. काम संपल्यावर पुन्हा मोजणी.

मामा : यात मी एक घालतो. थांबे. वाढवण बंदर झालं की हा मार्ग नाशिकची द्राक्षं आणि कांदा न्यायलाच होईल, बघ. कंटेनरला मोखाड्यात थांबायचं काम नाही. तेव्हा प्रवासी गाडी किती, कुठं थांबणार, सामानाचा डबा असणार का, हे आधी लिहून घ्या. सातपाटीच्या बायका पाट्या घेऊन सामानाच्या डब्यात चढतात म्हणून मुंबईला मासळी पोचते. सामानाचा डबा नसलेली गाडी आपल्याला अर्धीच.

भाची : हे माझ्या डोक्यात नव्हतं. घेते.

मामा : आणि स्टेशनाचा रस्ता. नवापूरहून बोईसर स्टेशनला जायचं तर एमआयडीसीच्या टँकरांच्या मागं रिक्षा सरकत राहते. गाडीतला वेळ वाचवायला हजारो कोटी, आणि गाडीपर्यंतच्या रस्त्याला खड्डे बुजवायला पैसे नाहीत. बुलेटचं स्टेशन तर पूर्वेला, बेटेगावच्या बाजूला. आम्हाला तिथं पोचायलाच जो वेळ लागेल त्यात बुलेट सुरत गाठेल.

भाची : तुमच्या पंचायतीनं तो रस्त्याचा ठराव करावा ना मग. तुम्ही नाशिक मार्गाला पाठिंबा काय देताय? नवापूरची एक गुंठा जमीन त्यात जात नाही.

मामा : म्हणून काय झालं? गाडी सगळ्यांची.

भाची : गाडी सगळ्यांची, भराव मात्र एकाच्या शेतात. ज्यांचं काही जात नाही त्यांचे ठराव सगळ्यात आधी निघतात, मामा, आणि वर्तमानपत्रात आकडा छापून येतो की इतक्या ग्रामपंचायतींचा पाठिंबा. मग ज्या चार गावांचं जाणार आहे ती विकासविरोधी ठरतात. तुमच्या शंभर कागदांची मला भीती वाटते ती ह्याचीच.

हे वाक्य लिहिताना मी भाचीच्या बाजूला झुकलो आहे, हे लपवत नाही. पाठिंबा आणि विरोध यांचे आकडे मोजताना कोणाचा किती हिस्सा जातो हे मोजलं जात नाही, आणि ठरावांच्या राजकारणातली सगळ्यात मोठी लबाडी तिथं आहे. तरी मामांच्या जव्हारला उत्तर मिळालेलं नाही. अटींची यादी लांबत गेली की मार्ग दुसरीकडं वळतो, सोप्या जमिनीकडं, आणि अवघड डोंगरातला माणूस आणखी पन्नास वर्षं एसटीत ओकत राहतो. हेही घडतं. भाची ते नाकारत नाही; पुढच्या कलमावर दोघांचं अडलं ते त्याचमुळं.

भाची : शेवटचं कलम. हा पाठिंबा फक्त सर्वेक्षणापुरता. मार्ग पक्का झाला की ग्रामसभा पुन्हा बसेल आणि तेव्हा काय ते ठरवेल. तोवर या ठरावाचा जमीन घेण्यासाठी उपयोग करता येणार नाही.

मामा : हे काढ.

भाची : का?

मामा : दिल्लीतला बाबू एवढंच वाचेल. म्हणेल, यांचा पाठिंबा दोन वर्षांनी राहील की नाही यांनाच माहीत नाही, मग मी पैसे कशाला मागू? बाजूला ठेवा फाइल. बाकीचं सगळं घाल, मोरी घाल, झरा घाल, डबा घाल. हे एक काढ.

भाची : बाकीचं सगळं याच्यावरच उभं आहे. हे काढलं की वरच्या अटी कोणी पाळल्या नाहीत तर आम्ही काय करणार, पुन्हा निवेदन देणार?

मामा : निवेदनानंच लोकल आली होती.

भाची : आणि ठराव असूनही बुलेट आली. तुम्ही तुमचं सांगा, मी माझं सांगते. मतदान ग्रामसभा करेल.

मामा : कधी आहे सभा? येतो मी, दोन शब्द बोलतो.

भाची : तुमचं नाव आमच्या मतदार यादीत नाही.

मामा : मग बाहेर बाकावर बसतो. पण माझं ऐक, ते शेवटचं कलम अगदी शेवटी घे. लोकं जेवायला उठल्यावर.

भाची : तेव्हा कोरम मोडतो, मामा. ठराव तहकूब होतो.

मामा : म्हणूनच सांगतोय.